चाड्यावरचा हात

आसेगावजवळच्या आमच्या शेती-संग्रहालयात गेल्या वर्षी रब्बीची ज्वारी तिफणीने, अर्धे-अर्धे शेत वाटून, पैजेने पेरली गेली. त्या पेरणीच्या हल्ली नाना हकिकती सांगितल्या जातात. कोणी म्हणतो, आमच्या बाजूची जमीन कसदार होती. कोणी म्हणतो, बियाणेच निराळे होते. एका वार्ताहराने तर 'वृद्ध शेतकऱ्याची किमया' असे छापून माझे छायाचित्र दिले. या सर्व हकिकती खोट्या आहेत, आणि माझे कौतुक करणारी हकिकत त्यांत सर्वांत खोटी. मी त्या दिवशी केवळ बैल हाकत होतो. आमच्या बाजूची पेरणी माझ्या पत्नीने केली.

या संग्रहालयात अवजारे काचेआड ठेवलेली नाहीत. जाते आहे, तर त्यातून पीठ पडले पाहिजे. नांगर आहे, तर तो मातीत चालला पाहिजे. हा आग्रह माझा होता आणि तो मी भांडून मान्य करवून घेतला. त्यामुळे दरवर्षी पाहुण्यांसमोर खरीखुरी पेरणी करायची असे ठरले, आणि तिथेच वाद पेटला: चाड्यावर कोणी चालायचे?

चाडे म्हणजे तिफणीवर बसवलेला लाकडी वाडगा. त्यातून तीन नळ्या तीन फणांपर्यंत उतरतात. एकजण बैल हाकतो. दुसरा मागून चालत त्या वाडग्यात मुठीने दाणे सोडतो. हे दुसरे काम आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या बायकांचे. ट्रॅक्टर येईपर्यंत आमच्या शेतातला प्रत्येक दाणा प्रथम माझ्या आईच्या आणि नंतर माझ्या पत्नीच्या मुठीतून जमिनीत गेला.

पण माझ्या मुलीचे सासरे, मालेगावकडचे बडे शेतकरी आणि संग्रहालयाचे सल्लागार, बैठकीत उभे राहून ठणकावून बोलले, "चाड्याले बाईचा हात लागत नाही. तिथं गडीच पाह्यजे. हेच आपली परंपरा हाय."

संचालक तरुण आणि नोकरीतले. त्यांनी मान डोलावली आणि तसाच नियम करू म्हणाले. तो नियम झाला असता, तर इथे येणाऱ्या प्रत्येक लेकीला सांगितले गेले असते की तिच्या आजीने कधी पेरलेच नाही. माझ्या पत्नीच्या साऱ्या आयुष्याची कमाई दुसऱ्याच्या नावावर गेली असती. हे मी होऊ देणार नव्हतो.

"इवाई," मी व्याह्यांना म्हणालो, "तुमच्या घरची परंपरा तुमच्या घरी. साऱ्या जिल्ह्यावर कायले लादता?"

"मंग काय इनबाईले उभं करता चाड्यावर? वय काय त्यायचं!"

माझी पत्नी, म्हणजे त्यांची विहीणबाई, बाजूच्या पडवीत जात्यावर बसली होती. दळण न थांबवताच तिने उत्तर दिले, "दाण्याले वय दिसत नाही, इवाई. अर्धं वावर तुमी पेरा, अर्धं मी पेरतो. जवारी उगवली का तेच सांगन, कोनाचा हात कसा हाय ते."

आता हकिकती सांगणाऱ्यांनी नीट ऐकावे. बियाणे एकाच पोत्यातले होते. तिफण एक, बैलजोडी एक, आणि दोन्ही तुकड्यांत हाकणारा मीच. जमिनीची निवड व्याह्यांनी स्वतः केली आणि विहिरीकडचा काळाभोर तुकडा घेतला. आमच्या वाट्याला रस्त्याकडचा मुरमाड आला.

पेरणीला गर्दी लोटली. व्याही पांढराशुभ्र सदरा घालून चाड्यावर आले. दाणे सोडता सोडता ते पाहुण्यांना परंपरा समजावू लागले, ओळखीच्यांना नमस्कार करू लागले, विनोदावर स्वतःच हसू लागले. टाळ्याही मिळाल्या.

मग माझ्या पत्नीने ओटीत बियाणे घेतले. एरवी तिच्या तोंडाला क्षणाची विश्रांती नसते, हे साऱ्या आसेगावाला माहीत आहे. पण चाड्यावर हात गेला की बोलायचे नाही, हा तिच्या सासूने घालून दिलेला दंडक. बोलताना मूठ आवळते, हसताना सैल पडते. "आजी, इकडे पाहा," म्हणून फोटो काढणारे ओरडत राहिले. धुरा, म्हणजे शेताचा बांध, येईपर्यंत तिने मान वर केली नाही. तिला एकही टाळी मिळाली नाही.

ज्वारी उगवली तेव्हा सगळ्यांना बोलावून मी बांधावर उभे केले. मुरमाड तुकड्यात दोरी ताणल्यासारखी तासे, म्हणजे रोपांच्या ओळी, उठली होती. काळ्या तुकड्यात मात्र कुठे रोपांचे झुबके, कुठे नांग्या, म्हणजे काहीच न उगवलेल्या हातभर मोकळ्या जागा. मी व्याह्यांना घेऊन त्या तासांतून चाललो.

"इथं तुमी सरपंचाले रामराम केला. इथं शाळेच्या पोरायले भाषण देलं. अन् हा झुबका म्हणजे तुमी हासले."

"अन् ही एवढी मोठी नांगी?" संचालकांनी विचारले.

"तिथं फोटो काढून घेतला इवायानं," मी सांगितले.

व्याही हरणाऱ्यांतले नव्हेत. "माह्या हाताचा दोष नाही," ते म्हणाले, "तोंडाचा हाय."

"मंग पुढच्या साली तोंड घरी ठेवून या," माझी पत्नी म्हणाली, आणि हसणाऱ्यांत सर्वांत मोठा आवाज त्यांचाच होता.

नियमाचा बेत बांधावरच रद्द झाला. चाडे शिकवण्याचे काम माझ्या पत्नीकडे आले, आणि ते ती वाळूवर शिकवते; मूठ स्थिर होईपर्यंत बियाण्याला हात लावू देत नाही. यंदा शिकायला आलेल्या बायकांत आमची मुलगीही होती. ज्या घरात चाड्याला बाईचा हात लागत नव्हता, त्या घरच्या सुनेला सासऱ्यांनी स्वतः मोटारसायकलवर बसवून आणले होते.

यंदाची पहिली पाळी तिची. मी बैल हाकले. मागे दाणे चाड्यात पडत होते, अखंड, एकसारखे. शाबासकी द्यावी म्हणून मी मान वळवली, तर लेकीने असे डोळे वटारले की मी लगेच मान पुढे वळवली. धुऱ्यावर तिफण उचलली, तेव्हा कुठे ती बोलली.

"बाबा, बैल जरा दमानं हाका."

मी दमाने हाकले.