नवा मदरबोर्ड आणि जुनं कुलूप

माझ्या हातून जी मोठी कामं बिघडली, ती सगळी मी फार विचार करून बिघडवली आहेत. घाईघाईत उरकलेली कामं बरी निघाली. माझं लग्न त्यातलंच. पण घरचा कॉम्प्युटर सुधारायचा बेत मात्र मी तीन आठवडे आखला होता, चौकटीच्या कागदावर, चार रंगांच्या पेनांनी. तेव्हा काय झालं असेल याचा अंदाज तुम्हाला आलाच असेल. तरीही ऐका, कारण सांगताना मला अजून मजा येते, आणि मजा संपली की जे उरतं त्याच्यासोबत मला एकट्याला बसवत नाही.

मी चादरींची डिझाइनं काढतो. माझे वडील अक्कलकोट तालुक्यात मेंढरं राखायचे. मी सोलापुरात येऊन हरणं, हत्ती आणि कमळं राखायला लागलो, एवढाच घराण्याचा उत्कर्ष. चादरीवरचं प्रत्येक चित्र आधी पडद्यावर बारीक चौकटींत भरावं लागतं. एक चौकट म्हणजे एक धागा. त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, पुठ्ठे मागावर चढतात आणि माग त्या भोकांप्रमाणे हरीण विणतो. अठरा वर्षांत मी अशी चारशेच्या वर डिझाइनं काढली. ती सगळी माझ्या कॉम्प्युटरमध्ये होती.

तो कॉम्प्युटर मी स्वतःच्या हातांनी जोडला होता. कॅबिनेट बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतलं, पंखा दुसऱ्याच मशीनचा, बटण तुटल्यामुळे तिथे दाराच्या घंटीचं बटण बसवलेलं. सकाळी ते दाबलं की बायको आतून विचारायची, "कोण आलंय?" आणि मी म्हणायचो, "लक्ष्मी!" हा विनोद आमच्या घरी दहा वर्षं चालला. बायको त्यावर एकदाही हसली नाही.

एके दिवशी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्याच्या मालकांचा फोन आला. माझं निम्म्याहून जास्त काम त्यांचंच.

"मास्तर, पुठ्ठे बंद आता. नवीन माग आणलाय. सरळ फाईल खातो तो."

"काय सांगता मालक! चव कशी लागते म्हणे?"

"चेष्टा राहू द्या हो. तुमची जुनी सगळी डिझाइनं नव्या फाईलमध्ये करून आणा. आणली की पुढचं सगळं काम तुमच्याकडं. नाय जमलं तर मला दुसरं बघावं लागंल."

म्हणजे पणाला लागलं होतं ते हे: माझी चारशे डिझाइनं आणि माझी पुढची रोजीरोटी. वाट एकच होती. जुन्या प्रोग्राममध्ये प्रत्येक डिझाइन उघडायचं आणि नव्या पद्धतीने साठवायचं. मी पहिलं हरीण उघडलं. माझा म्हातारा कॉम्प्युटर धापा टाकत अर्ध्या वाटेपर्यंत आला, हरणाचं तोंड दिसलं, आणि पडदा काळा झाला. तीनदा केलं, तीनदा तोंडापाशीच गचकला. या चालीने चारशे डिझाइनांना माझं उरलेलं आयुष्य पुरलं नसतं.

मग बेत. अहाहा, काय बेत होता! कागदावर एका बाजूला "जे आहे", दुसऱ्या बाजूला "जे हवं", आणि मध्ये बायकोच्या भिशीचा आकडा, लाल चौकटीत. भिशी तिची होती, म्हणून बैठकीला ती हजर.

"डबा तोच ठेवा की," ती म्हणाली. तिचं माहेर दुधनीजवळचं. पैशाचा विषय निघाला की तिच्या तोंडी माहेर येतं. "वरनं कोण बघतंय? आतलं बदला."

"कॅबिनेट तेच. ठरलं. पडदा?"

"दिसतंय न्हवं? मग ऱ्हाऊ द्या."

"प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम नवी. आणि जुन्या डिस्कच्या जोडीला एक नवी, वेगवान. ग्राफिक कार्ड..."

"साकू!" ती म्हणाली. पुरे झालं, याला तिच्याकडे हा कानडी शब्द आहे, आणि तो उच्चारला की पुढे चर्चा होत नाही. ग्राफिक कार्डावर मी लाल पेनाने फुली मारली. इतकं होऊनही रॅम मला हवी तिच्या निम्मीच बसत होती.

कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा दुकानदार माझा जुना दोस्त. त्याने माझा कागद दोन्ही हातांत धरून लग्नपत्रिकेसारखा वाचला.

"मास्टर, ये प्लान है की नक्काशी है? रॅम कम पड रही ना? ऐसा करो, पुराना बोर्ड, प्रोसेसर सब मेरेकू दे डालो. रॅम डबल देतूं."

"त्या जुन्याचं तू काय करणार?"

"भंगारवाला लेके जाता ना. सोना निकालते बोलते उसमें से."

अठरा वर्षं माझ्या घरात सोनं होतं आणि मला पत्ता नव्हता! मी हरखून घरी आलो. बायको म्हणाली, "जुनं कशाला द्यायचं? माळ्यावर टाका. नव्यानं दगा दिला तर?" मी हात पसरून, नाटकातल्या राजासारखा म्हणालो, "अगं, नव्याचा अपमान करू नये!" ती म्हणाली, "आवं, नवं काय ऐकतंय व्हय?"

रविवारी सकाळी मी कॅबिनेट उघडलं. आतून कापसाची लव बाहेर आली, फाटलेल्या उशीतून यावी तशी. आमच्या गल्लीत दिवसभर माग चालतात, सगळ्यांच्या घरात आणि छातीत थोडा थोडा कापूस असतोच. तो साफ केला. मागच्या वायरी उपसल्या. त्यांच्याबरोबर काडेपेटीएवढा एक करडा ठोकळा हातात आला. प्रिंटरच्या रुंद जागेत बसलेला, कसला तरी जोड. माझ्याकडे आता प्रिंटर नव्हता. ठोकळा खणात टाकला. जुना बोर्ड पिशवीत घालून दुकानात दिला, दुप्पट रॅम घेतली, चहा प्यालो, घरी येऊन नवं सगळं बसवलं. घंटीचं बटण दाबलं. पडदा असा लखकन उजळला की बायकोसुद्धा "अगं बया" म्हणाली.

जुन्या सीडीवरून डिझाइनचा प्रोग्राम चढवला. चढला! पहिल्या हरणावर बोट ठेवलं. पडद्यावर एक ओळ आली: लॉक सापडत नाही.

मी खणाकडे पाहिलं.

तो ठोकळा म्हणजे कुलूप होतं. असे प्रोग्राम कुणी फुकट वापरू नयेत म्हणून विकणारे सोबत हा ठोकळा देत. तो मशीनच्या पाठीत खोचलेला असेल तरच प्रोग्राम चालतो. मला ते अठरा वर्षांपूर्वी एकदा सांगितलं होतं. मग मी कॉम्प्युटर भिंतीला टेकवला आणि त्याची पाठ पुन्हा पाहिली नाही. मी, चादरीचा डिझायनर! आमच्या धंद्यात पहिली शिकवण ही की चादर उलटवून बघ. समोरून सगळ्याच चादरी हसतात, चूक पाठीमागे लोंबत असते. चारशे चादरी उलटवल्या मी. हे मशीन एकदा उलटवलं नाही.

नव्या मदरबोर्डला ती रुंद जागाच नव्हती. आता कुणाला ती लागत नाही, म्हणून ती करत नाहीत. तशी जागा करून देणारी जोडवायर आणली. वायरीने प्रिंटर चालला असता, कुलूप काही जागं झालं नाही. प्रोग्राम विकणाऱ्यांना फोन लावला, तर तो नंबर अस्तित्वात नव्हता. डिझाइनं डिस्कवर जशीच्या तशी होती, नावांसकट, ओळीने बसलेली. दुसरा कुठलाच प्रोग्राम ती उघडत नव्हता. स्वतःच्या घराच्या खिडकीतून स्वतःचं सामान पाहत बाहेर उभं राहावं, तसं.

दुकानात धावलो.

"बोर्ड?"

"वो तो गया मास्टर. कलीच आया था भंगारवाला." त्याचा चेहरा पडला. "पहले बोलना था ना."

"पहले मलाच माहीत नव्हतं!"

त्याने बिचाऱ्याने चार दिवस शोधून तसाच एक जुना बोर्ड आणला. रुंद जागा होती, पण बोर्ड मेलेला होता. दुसरा आणला, तो चालू होता, पण ठोकळा बसवल्यावर पंखा दोनदा फिरला आणि जळकट वास आला. बोर्डाचा होता असं आम्ही समजत होतो. तो कुलपाचा निघाला.

घरी बायकोने माळ्याचा विषयसुद्धा काढला नाही. तिने बोलावं म्हणून मी दोन दिवस तिच्या अवतीभवती फिरलो. शेवटी मीच म्हणालो, "बोल की." ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "काय बोलू? तुमची मेंढरं वाघानं न्हाय खाल्ली. तुमीच दार लावून चावी घालवून बसला."

मालकांपुढे उभं राहायचं म्हणून मी वाटेत छान भाषण जुळवलं होतं. सुरुवात विनोदी, मध्य हृदयद्रावक, शेवटी महिनाभराची मुदत. मी तोंड उघडलं, तर मालक म्हणाले, "असू द्या हो मास्तर, काय टेन्शन नाय. चादरी होत्या ना आमच्याकडं. स्कॅन केल्या. आमच्या नव्या मॅडमनं सगळं परत काढलं."

"सगळं? कधी?"

"काम दिलं त्याला झाला की महिना."

मला फोन केला तेव्हाच ते काम मालकांनी मॅडमकडेही दिलं होतं. माझं आलं असतं तर बरं, नाही आलं तरी बरं. भिशी, चार रंगांची पेनं आणि तो तीन आठवड्यांचा बेत, सगळं एका अशा शर्यतीसाठी जिचा निकाल आधीच लागला होता.

"आलाच आहात तर बघून जा," मालक म्हणाले. "तुमचंच आहे. चूक असली तर तुम्हाला लगेच दिसंल."

मॅडम पंचविशीच्या, शिकलेल्या, खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. "काका, या ना. मला तुम्हाला भेटायचंच होतं." आणि त्यांनी माझी हरणं उघडली. एका क्षणात. माझ्याकडे तोंडापाशी गचकणारं हरीण तिथे खुरांपर्यंत आलं. काम सुंदर होतं. मी डोळे ताणून चूक शोधत होतो आणि चूक नव्हती.

मग डाव्या हरणाच्या पाठीवर एक लहानसा तिरका चौकोनी ठिपका दिसला.

"हे मला कळलं नाही काका," त्या म्हणाल्या. "या हरणांची मूळ चादर एकच मिळाली, वॉचमनच्या खाटेवरची. त्यात ही खूण होती. म्हटलं, तुम्ही मुद्दाम काढली असेल, म्हणून एकेक धागा मोजून तशीच ठेवली."

ते रफू होतं. वॉचमनच्या बायकोने कधीतरी विडीचं भोक बुजवलं असणार.

या कारखान्यात माझ्या कामाला हात लावताना कुणी कधी इतका मान दिला नव्हता. सांगायला दोन शब्द पुरले असते. मालक दारात उभे राहून घड्याळ बघत होते.

"ती खूण?" मी म्हणालो. "ती राहू द्या. तिच्याशिवाय ते हरीण उभंच राहत नाही."

त्यांनी वहीत लिहून घेतलं.

बाहेर आलो तेव्हा मी मनातल्या मनात नाचत होतो. वाटलं, आता माल बाजारात जाईल, परत येईल, बोंब होईल, मालक मला शोधत येतील. मी रोज फोनची वाट पाहिली. माझ्या झगझगीत नव्या मशीनवर तेव्हा मी बारशांचे आणि वाढदिवसांचे फ्लेक्स करत होतो, अजूनही करतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत फ्लेक्स तयार होतो.

फोन आला नाही. माल परत आला नाही.

परवा बायकोच्या माहेरी गेलो तेव्हा दुधनीच्या बाजारात एका दुकानात ती चादर टांगलेली दिसली. दुकानदाराने माझ्यासमोर ती झटकून पसरली आणि नेमकं त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हे बघा. ही खूण हाय न्हवं, म्हंजे असली माल. डुप्लिकेटमदी ही नसती. बारीक काम हाय, लई हुशार मानसाचं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं; मीच हसत हसत सांगितलं होतं.

"कुणाचं काम म्हणालात?" मी विचारलं.

"आता ते कुनाला म्हाईत? कंपनीचं असंल की."

बायको म्हणाली, "चला. एसटी जाईल."