मार्गासनीच्या आकाशातील दोन विमाने

वेल्ह्याच्या पहिल्या एस.टी.त मी बसलो, तो किल्ले पाहण्यासाठी नव्हे. विमानतळावर हवाई वाहतूक नियंत्रक असलेला माझा पुतण्या दिनकर निलंबित झाला होता, आणि त्याच्या बाजूचा साक्षीदार मला मार्गासनीत शोधायचा होता.

नियम साधा आहे. विमान एका विमानतळाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत शिरण्यापूर्वी पहिल्या नियंत्रकाने दुसऱ्यास फोनवर कळवावे. पंधरा दिवसांपूर्वी हद्दीवरील या गावावर दोन विमाने टकरीतून थोडक्यात वाचली. 'मी आधीच कळवले,' असे शेजारच्या विमानतळाचा नियंत्रक म्हणतो. 'विमान शिरल्यावर फोन आला,' असे दिनकर म्हणतो. फोनची वेळ दोन्ही नोंदवह्यांत एकच आहे : दहा चाळीस. मग विमान गावावरून केव्हा गेले, एवढाच प्रश्न उरतो. चौकशी अधिकाऱ्यांनी तो कोणालाही विचारला नाही! खुर्चीवरून न उठता त्यांनी एका माणसाची भाकरी हिरावली.

मार्गासनीच्या चिखलात चपलेचा अंगठा तुटला. अनवाणीच बांधावर गेलो. खाचरांत (भाताच्या वाफ्यांत) बायका लावणी करत होत्या. त्या दिवसाच्या विमानांविषयी विचारताच त्यांतल्या वयस्क सोनाबाईंनी मान वर केली.

"लई खालनं गेलं इमान (विमान). अन् दुसरं त्येच्या डोक्यावर."

"किती वाजले होते?"

"आबा, घड्याळ बांधून कुनी लावणी करतं व्हय?" बायका हसल्या. "पर शाळंची मदली घंटा झाली न्हवती. ती झाल्याबिगर आमी न्याहारीला उठत न्हाई."

मधली सुट्टी साडेदहाला, असे बायकांनीच सांगितले! म्हणजे विमान फोनच्या आधी गेले, दिनकर निर्दोष. सोनाबाईंनी दिलेली नाचणीची भाकरी आणि खरडा मी उभ्यानेच खाल्ला आणि त्यांना घेऊन शेजारच्या शाळेत गेलो.

"घंटा साडेदहाचीच," गुरुजी म्हणाले. "पण लावणीच्या दिवसांत मुलांना आईबरोबर जेवता यावे, म्हणून मी बायकांकडे पाहतो. त्यांनी कंबर सरळ केली, की टोल देतो."

"अवं गुर्जी!" सोनाबाई कडाडल्या. "आमी घंटंची वाट बगत कंबरडं मोडून घ्यायचं, अन् तुमी आमच्याकडं बगत बसायचं?"

"मला वाटले, खाचर पुरे करायची घाई तुम्हालाच आहे."

"पोरं उपाशी, आमी उपाशी! उद्यापासनं घड्याळ बगा."

"चुकलेच माझे," म्हणत गुरुजींनी कपाटातले घड्याळ काढून खिडकीत ठेवले.

माझी साक्ष तिथेच संपली. ज्या घंटेला वेळ नाही, ती निलंबनाविरुद्धच्या अर्जास जोडणे ही लबाडी ठरली असती.

परतीच्या एस.टी.त संताप मात्र वाढत गेला. जी चूक दोन माणसांनी समोरासमोर उभे राहून क्षणात मान्य केली, तसली चूक पदरात घेण्यासाठी दोन सुशिक्षित कार्यालयांना एकत्र बसण्याचीही इच्छा नसावी?

"साक्षीदार मिळाला का, काका?" दिनकरने दारातच विचारले.

"नाही," मी म्हणालो, आणि कागद पुढे ओढला. चौकशी अधिकाऱ्यांना अर्ज लिहिला : 'दोन्ही नियंत्रकांना एकाच टेबलाशी, एकमेकांच्या देखत, प्रश्न विचारावेत. ही मागणी नामंजूर असल्यास नकार कारणांसह, लेखी, अधिकाऱ्याच्या सहीने कळवावा.'