कालपासून

आमच्या वॉर्डात येणाऱ्या प्रत्येक मुलाचं दुखणं आदल्या दिवशीच सुरू झालेलं असे. पाय टम्म सुजलेला, अंग तापाने फणफणलेलं, ओठ सुकलेले, आणि आई सांगायची, "कालपासून." उशीर केला म्हणून डॉक्टर खडसावतात, हे लालबागपासून गिरगावापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मी स्वतः नायगावच्या चाळीत वाढलेली. माझ्या आईनेही माझा ताप डॉक्टरांना कधी दोन दिवसांहून जुना सांगितला नव्हता. परळच्या एका इस्पितळात मी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मुलांच्या हाडांच्या वॉर्डात माझी ड्यूटी होती.

हाडात पू होण्याच्या दुखण्यात दिवसांना फार महत्त्व. पहिल्या एक-दोन दिवसांत पेनिसिलीनची इंजेक्शनं सुरू केली आणि पाय फळीला बांधून स्वस्थ ठेवला, तर बरीच मुलं चिरफाडीशिवाय बरी होत. त्याहून जास्त दिवस गेले असतील तर आत पू साठलेला असायचा. मग इंजेक्शनांवर विसंबून चालत नसे, हाड उघडावंच लागे. सुरुवातीला एक्स-रेमध्येही काही दिसत नाही. म्हणून मोठे डॉक्टर सगळ्यात आधी विचारत, किती दिवस झाले?

संयुक्त महाराष्ट्राच्या एका हरताळानंतर वाहनं पुन्हा सुरू झाली होती. त्या दिवशी लालबागची एक बाई सहा वर्षांच्या मुलीला उचलून घेऊन आली. मुलीची गुडघ्यावरची मांडी सुजली होती आणि ती कुणाला हात लावू देत नव्हती. जिन्यावर पडली, मुरगळलं असेल, म्हणून सासूने आंबेहळदीचा लेप घातला होता. आमच्याकडे अंग पुसल्याशिवाय मुलाला खाटेवर घेत नसत, आणि मला तर स्वच्छतेची भारी घमेंड. मी कोमट पाण्याने लेप भिजवून हळूहळू सोडवला. वरचा थर ओलसर होता, त्याखालचा वाळून तडकलेला, आणि सगळ्यात खालचा काळपट होऊन कातडीला चिकटलेला. दुखतं म्हणून जुना न काढता त्यावरच रोज नवा चढवला होता. म्हणजे तीन दिवस झाले होते, हे मला तिथल्या तिथे कळलं. मी पाणी मोरीत ओतून दिलं.

डॉक्टर आले तेव्हा हळदीचा पिवळेपणा सोडला तर मांडी लख्ख होती.

"किती दिवस झाले?"

"कालपासून," आई म्हणाली.

त्यांनी कागदावर एक दिवस असं लिहिलं. मी शेजारीच ट्रे धरून उभी होते. शिकाऊ नर्सने विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नसतं, आणि आदल्याच आठवड्यात ते उघडल्याबद्दल मी सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली होती. मला त्या वेळी सुचलंच नाही, असं पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. शब्द अगदी ओठांवर आले होते. एवढे मोठे डॉक्टर आहेत, त्यांना कळेलच, असं म्हणून मी ते गिळले.

इंजेक्शनं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला नाही, तिसऱ्या दिवशी सूज आणखी वाढली, तेव्हा तिला ऑपरेशनला नेलं. हाडातून वाटीभर पू निघाला. मुलगी वाचली, पण जखम महिनोन् महिने वाहत राहिली. अधूनमधून त्या जखमेतून हाडाचे बारीक तुकडे बाहेर येत. वर्षभर ये-जा करून ती चालायला लागली, तेव्हा तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड राहिला होता.

शेवटच्या तपासणीच्या दिवशी तिच्या आईने मला व्हरांड्यात बाजूला घेतलं.

"बाय, तुका एक सांगतंय, कोणाक बोलू नको. तेव्हा तीन दिस झालेले. ह्यांका पोलिसांनी मोर्चातसून धरून नेल्यानी. तीन दिस सांगलंय तर इतके दिस आणूक कित्याक नाय, घोव खंय होतो म्हणान इचारतले, म्हणून भियालंय. माज्या खोट्यान चेडवाचो पाय गेलो."

तिची मुलगी थोड्या अंतरावर कठड्याला धरून चालत होती. चालताना दर पावलाला तिचा खांदा एका बाजूला झुकत होता. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. 'मलाही तेव्हाच कळलं होतं,' एवढं एक वाक्य मी बोलले असते तर या बाईचा निम्मा भार उतरला असता.

"मनाला लावून घेऊ नका," मी म्हणाले.

तिने पदराने डोळे पुसले. तुझं भलं होईल, असं मला म्हणाली आणि मुलीला कडेवर घेऊन जिना उतरू लागली. मी तिला हाक मारली नाही.