मुंग्यांचा वाटा

लढाईच्या बातम्या यायला लागल्या, त्याच्या आधीच्या थंडीतली ही गोष्ट. लोणखेड्याच्या शिवारात आमचं गुऱ्हाळ लागलं होतं. हंगामाचा पहिला गूळ आधी मुंग्यांच्या बिळापाशी ठेवायचा, मग माणसांनी चाखायचा, असा आमच्या घरचा रिवाज. त्या वर्षी सासरे घाईत होते. मुंग्या काय पळून जातात, म्हणाले आणि ढेपा गाडीत भरून मोकळे झाले.

लगेच दुसऱ्या दिवशी माझी थोरली जाऊ गुऱ्हाळावर भाकरी घेऊन गेली. गूळ ओतताना कढई कलली आणि उकळता पाक तिच्या उजव्या हातावर आला. कोणी शेण आणलं, कोणी राख. उंटावरून शेळ्या हाकायला तर सगळा गाव होता. सासूबाईंनी सगळ्यांना बाजूला सारलं. हात सुजायच्या आत तिच्या बांगड्या उतरवल्या, तेव्हा सवाष्णीचा हात मोकळा केला म्हणून बायका कुजबुजल्या. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. मोटेचं गार पाणी हातावर सोडत राहिल्या. बराच गूळ विरघळला, बोटांवरचा मात्र घट्ट बसला. एक बाई तो नखाने काढायला गेली.

"खरडू नका," सासूबाई म्हणाल्या. "कातडी निंघी जाई."

काटा बोचला तरी घर डोक्यावर घेणारी माझी जाऊ त्या दिवशी रडलीच नाही. खाटेवर पडून हसत म्हणाली, हा हात माझा वाटतच नाही. मला हायसं वाटलं. सासूबाईंनी मला चुलीपाशी नेऊन सांगितलं, भाजलेलं दुखत नाही म्हणजे आतून मेलं. मेलेला हात डॉक्टर कापतात. तेव्हापासून आम्ही तिच्या रडण्याची वाट पाहू लागलो. सकाळ झाली तरी घरात कुणी चूल पेटवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंग्या आल्या. खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या होत्या, तर त्या भिंतीवरून उतरल्या. गुळाने तपकिरी झालेल्या बोटांवर काळी रांग चढली. जाऊ ती नुसती बघत होती, जणू दुसऱ्याच कुणाचा हात आहे. मी देवभोळी नाही, पण अंगावर काटा आला. दारातून सासरे पुटपुटले की त्या आपला वाटा न्यायला आल्या आहेत.

मी मुंग्या झटकायला पुढे झाले, तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांची नजर त्या बोटांवर होती. मला त्यांचा रागच आला.

मग करंगळी हलली.

"माय," जाऊ म्हणाली, "माले मुंगी चावनी."

सासूबाई मटकन खाली बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग ओल्या फडक्याने त्यांनी एकेक मुंगी अलगद टिपून घेतली, एकही मारली नाही. सासरे घरात गेले आणि एक आख्खी ढेप उचलून बिळाकडे निघाले.

संध्याकाळपर्यंत हाताची आग वाढली. जाऊ गुरासारखी ओरडत होती आणि आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा चूल पेटली.