मिस्त्री खोटं बोलत नसत

भिंतीवर एसीचा स्टँड ठोकून झाला की मिस्त्री त्यावर स्वतः बसायचे. तिसरा मजला असो की सहावा, कमरेचा पट्टा आतल्या खांबाला बांधायचा, खिडकीतून पाय बाहेर टाकायचे आणि जिथे थोड्या वेळाने आउटडोअर मशीन बसणार त्या दोन लोखंडी दांड्यांवर आपलं अंग टेकवायचं. तिथे बसून ते तंबाखू मळत. चिमूट तोंडात जाईपर्यंत स्टँड हलला नाही, तर काम पास. खालून वॉचमन ओरडायचा, “काका, पडाल!” मिस्त्री वरून म्हणायचे, “पडलो तर काम कच्चं होतं असं लिव वहीत.”

मी पाडलेल्या भोकांत ठोकलेल्या स्टँडवर मात्र ते मलाच बसवत. पहिल्यांदा खालापूरच्या एका नव्या इमारतीत पाचव्या मजल्यावर बसलो, तेव्हा दोन्ही हातांनी चौकट धरून ठेवली होती. “भिंत खोटं बोलते, गिऱ्हाईक खोटं बोलतं. वजन नाय बोलत. हात सोड,” ते म्हणाले. मी हात सोडले आणि माझी पँट ओली झाली. संध्याकाळी टपरीवर मिस्त्रींनी ते सगळ्यांना सांगितलं. तिखटमीठ लावलं नाही, हातचं राखलंही नाही. जेवढं झालं तेवढंच सांगितलं आणि चहा प्यायले.

मोहोपाड्याला ज्या कारखान्यात मी कंत्राटावर होतो तो बंद पडला, तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो. बी.ए. झालो होतो, म्हणून मिस्त्री मला ‘साहेब’ म्हणत. ते स्वतः त्याच पट्ट्यातल्या एका कंपनीत फिटर होते. ती नोकरी सुटल्यावर कडावच्या आपल्या घरी राहून एसी बसवायला लागले होते. कर्जतच्या बंगल्यांपासून खालापूरच्या टॉवरांपर्यंत सगळीकडे त्यांना बोलावणं असे. तांब्याचा पाईप न चेपता वाकवायला, त्याचं तोंड फुलासारखं उघडायला, जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडा शोधायला त्यांनी मला शिकवलं. चुकलो की पाना फेकून मारत. एकदा तो कानशिलाला लागला, तेव्हा म्हणाले, “नेम चुकला. हातावर मारायचा होता.”

त्यांच्या खरं बोलण्याची लोक तारीफ करत आणि त्यांना टाळतही. एका निवृत्त शिक्षकाने मुलाच्या लग्नासाठी हौसेने एसी घेतला होता. घरात पाहुणे, होणारी सून उभी. मिस्त्रींनी खोली पाहिली, मशीन पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “पत्र्याखालची खोली, त्यात पश्चिमेचं ऊन. हे मशीन पुरणार नाय. दुकानदारानं तुमाला गंडवलं, गुरुजी.” गुरुजींचा चेहरा पडला. मी नंतर म्हटलं, निदान लग्न तरी होऊ द्यायचं. मिस्त्री म्हणाले, “त्यानं मशीन मोठं झालं असतं काय रं?” पण ज्या दिवशी माझ्या हातून एका बंगल्यातली महागडी फरशी फुटली आणि मी तिच्यावर चटई सरकवली, तेव्हा चटई उचलून मालकाला हाक मारणारेही तेच आणि “माझ्या हाताखाली फुटली, म्हणजे मीच फोडली” असं सांगणारेही तेच. या माणसाचा राग करावा की त्याच्या पाया पडावं, ते मला कधी ठरवता आलं नाही.

मग आणखी एका बंगल्याचं काम आलं. कर्जतबाहेर, नदीच्या अंगाला. मालकीणबाई मुंबईच्या, दमा असलेल्या वडिलांना त्यांनी कायमचं इथे आणून ठेवलं होतं. थंडीत खोली गरम आणि उन्हाळ्यात गार करणारं मशीन हवं होतं. म्हाताऱ्यांना आवाज सोसत नाही, म्हणून आउटडोअर मागच्या भिंतीवर. त्या भिंतीसमोर चार फुटांवर राखणदाराची पत्र्याची खोली होती. राखणदार काळूराम वर्षापूर्वी झाडावरून पडून कमरेखाली लुळा झाला होता. राखण, झाडलोट, बाग सगळं त्याची बायको हिरा करत असे. दोघं वरच्या ठाकरवाडीतली.

हिराने मशीन पाहिलं आणि विचारलं, “दादा, याचा वारा आमच्या दारात येल ना?”

“येल,” मिस्त्री म्हणाले. “थंडीत गार, उन्हाळ्यात गरम.”

“मंग?”

“मंग काय? बाईला सांगतो.”

आणि त्यांनी खरंच सांगितलं. बाई म्हणाल्या, “दार बंद ठेवतील ते. बाबांना त्रास नको.” मिस्त्रींनी स्टँड ठोकला, त्यावर बसले, तंबाखू मळली. समोर चार फुटांवर खाटेवरून काळूराम त्यांच्याकडे बघत होता. मिस्त्रींनी त्याला चिमूटभर तंबाखू दिली.

एप्रिलमध्ये बाईंचा फोन आला, खोली गार होत नाही. आम्ही गेलो. मिस्त्री आत तपासत होते, म्हणून मी मागे गेलो. आउटडोअरच्या जाळीवर ओली गोधडी टाकून वरून दोरीने बांधली होती. हवा अडली होती, मशीन धापा टाकत होतं. हिरा हातात बादली घेऊन उभी होती. तिच्यामागे खोलीतून भट्टीसारखी झळ येत होती. “दादा, दुपारी पाटीला फोड येत्यात त्याच्या. त्याला कूस वळता येत नाय,” ती म्हणाली. मी गोधडी सोडली, पंपाच्या खोलीमागे टाकली आणि पुढे येऊन बाईंना सांगितलं, “फिल्टर चोंदला होता. साफ केला.”

मिस्त्री फिल्टर हातात घेऊन उभे होते.

“फिल्टर साफ हाय,” ते म्हणाले. “मागं गोधडी बांधली होती, खिडकीतनं बघितली मी. सोडून टाकलेली दिसते पंपाकडं. हा खोटं बोलतो.”

बाई मागे गेल्या. हिरा काही लपवायला गेली नाही. “मालकीण, आत माणूस भाजतोय,” एवढंच म्हणाली.

“मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं व्हतं.”

म्हाताऱ्या वडिलांचा श्वास अडकला असता तर, असं बाई परत परत बोलत राहिल्या. संध्याकाळच्या आत खोली खाली करायला सांगितलं. वाडीवरून चार जण आले, त्यांनी काळूरामला गोधडीच्याच झोळीत घातलं आणि बांबूवर घेऊन चढणीला लागले. हिरा मागे डोक्यावर भांडी घेऊन. फाटकाशी तिने मिस्त्रींकडे पाहिलं. माझ्याकडे बघून मान हलवली. ते जास्त लागलं.

परत येताना मी मोटरसायकल रस्त्याच्या कडेला उभी केली आणि ओरडलो. एक शब्द, फक्त एक शब्द गिळला असता तर काय बिघडलं असतं? मिस्त्री मागून उतरले. एका दगडावर बसून म्हणाले, “कंपनीत असताना दोस्ताच्या शब्दावर एक सही केली होती. ॲसिडच्या पाईपाची लायन रिकामी हाय म्हणून. रिकामी नव्हती. एकाचे डोळे गेले. बायको त्याचा हात धरून गेटवर यायची रं, मला शोधत. त्या दिसापासनं खोटं नाय बोलत.” मग उठले. “चल, उशीर होतोय.”

पावसाच्या तोंडावर काळूराम गेला, हे मला कर्जतच्या बाजारात वाडीतल्या एकाकडून कळलं. पाठीच्या जखमा चिघळल्या होत्या. मी ते मिस्त्रींना सांगितलं. ते पाईप कापत होते. कापून झाला, कड घासून झाली, मग म्हणाले, “पुढचा दे.”

तरी मी त्यांच्याबरोबर आणखी दीड वर्ष काम केलं. असं काम शिकवणारा दुसरा कुणी नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याशिवाय मला दुपारचा डबा गोड लागत नसे.

मग त्यांना खोकला धरला. पनवेलला तपासण्या झाल्या. छातीत गाठ होती, पसरली होती. डॉक्टरांनी दोन-तीन महिने सांगितले. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, आणि मुलीने ठरवलं की त्यांना टीबी म्हणून सांगायचं. काकूंनी माझे हात धरले. “औषधानं बरं होतंय म्हणावं. आशेवर चार घास जातात रं त्यांच्या पोटात. तू पन तेच बोल.” मी बरं म्हटलं.

कडावला ते ओटीवर खाटेवर पडलेले असत. त्या दुपारी त्यांनी काकूंना चहा करायला आत पाठवलं आणि मला जवळ बोलावलं.

“साहेब, तू पनवेलचा कागद वाचलास ना?”

“वाचला.”

“ही समदी माझ्याशी गोड बोलतात. तू सांग. टीबी हाय ना?”

मला टीबी म्हणता आलं असतं. काकूंना शब्द दिला होता. आत स्टोव्हचा आवाज येत होता.

“नाही,” मी म्हटलं. “कॅन्सर आहे. दोन-तीन महिने म्हणालेत. त्यातला एक गेला.”

मला वाटलं होतं ते मान डोलावतील. शाबास म्हणतील, असंही कुठेतरी वाटलं असेल. पण त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. ओठ हलायला लागले. “इंग्रजीत होता ना कागद? चुकला असशील वाचायला.” मी म्हटलं, नाही चुकलो. त्यांनी माझं मनगट धरलं. त्या हातात आता काही जोर नव्हता. “मंग कॅन्सर नाय असं म्हण ना रं. एकदा म्हण. मी ऐकतो.”

मी तसं म्हटलं नाही.

काकू चहा घेऊन आल्या, त्यांनी नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि कपबशी तिथेच जमिनीवर ठेवली. त्या दिवसापासून मिस्त्रींनी अन्न सोडलं. दोन महिने कुठले, अठराव्या दिवशी गेले. बाराव्याला मी गेलो तेव्हा काकूंनी मला पानावर बसवलं, वाढलं. शेवटी मी निघताना म्हणाल्या, “का सांगितलंस?”

“त्यांनी विचारलं,” मी म्हणालो.

त्यांना खरं सांगून हिराची बाजू मी घेतली, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं. पण त्या दुपारी ओटीवर मला हिरा आठवलीही नव्हती. मिस्त्री माझं मनगट धरून ‘नाय म्हण’ म्हणत होते, आणि मला बरं वाटत होतं.