पॉलिशवाली मेहरुनबी आणि सुभेदारांचा डेक

रहिमतपुरात देव्हाऱ्याला, पाटाला, नाहीतर लेकीच्या लग्नातल्या कपाटाला चमक आणायची झाली की लोक मेहरुनबीला निरोप धाडतात. वय साठीला टेकलेलं, अंगानं किरकोळ, आणि उजव्या हाताची बोटं कायमची चहाच्या रंगाची. तो रंग घासून निघत नाही आणि ती घासायच्या भानगडीत पडतही नाही.

माहेर मिरजेचं. वडील तंबोऱ्यांना पॉलिश करायचे. लाखेचा चपडा स्पिरिटात विरघळवायचा, कापसाची गुंडी फडक्यात बांधायची आणि भोपळ्यावरून गोल गोल हात फिरवत राहायचं. पोरगी शेजारी बसून बघायची. लग्न होऊन रहिमतपूरला आली, तर नवरा रहिमानही पॉलिशवालाच. म्हणजे सासरीही वास तोच.

बारा वर्षांपूर्वी रहिमानच्या छातीनं दगा दिला. थिनरचा वास आला की धाप लागायची, ओठ निळे पडायचे. डॉक्टरांनी धंदा बंद करायला सांगितलं. रहिमान आठ दिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. नवव्या दिवशी मेहरुनबीनं त्याची पिशवी खांद्याला अडकवली आणि पेठेत त्याचा अर्धवट राहिलेला एक दरवाजा पुरा करायला गेली. ‘बाईमाणूस काय पॉलिश करणार?’ म्हणून घरमालक उंबऱ्यात आडवा उभा राहिला होता. संध्याकाळी त्याच दरवाज्यात बघून त्यानं मिशा नीट केल्या. तेव्हापासून कामावर ती जाते आणि भाकरी रहिमान थापतो. तिच्यापेक्षा पातळ थापतो, हे ती कुणालाही कौतुकानं सांगते.

गावाबाहेर सुभेदार सयाजींचा मळा आहे. पलटणीतून रिटायर झालेला माणूस, ताठ आणि हट्टी. त्यांच्या रंगूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि मागच्या दाराच्या तीन पायऱ्या त्यांना डोंगर वाटायला लागल्या. उसाकडं तोंड करून बसणं हा त्यांचा एकुलता एक शौक. मग मुलानं, जयराजनं, पुण्याहून फोटो पाठवला. उंबऱ्याच्या पातळीवर लाकडी फळ्यांचा उघडा ओटा, त्याला डेक म्हणतात. सयाजींनी बांधावरची स्वतः लावलेली सागाची झाडं तोडली, फळ्या काढल्या आणि महिन्याभरात डेक उभा केला. पॉलिशला मेहरुनबीला बोलावलं.

“चाची, असा चमकवा की त्यात तोंड दिसलं पायजे. आमच्या मेसमधल्या टेबलागत.”

मेहरुनबीनं फळीवर तळवा फिरवला. वर उघडं आभाळ बघितलं.

“सुभेदार, टेबल घरात आसतं. हितं वरनं ऊन आन् पाऊस. चमकीचा थर लाकडावर कातड्यागत बसतोय. उन्हानं त्याला चिरा पडत्यात, चिरांतनं पाणी आत शिरतंय, मग सगळं सोलून निघतंय. आन् वलं झालं की घसरतंय बी. हितं मुरणारं तेल पायजे, रंग घातलेलं. बाहेरच्या लाकडासाठी मिळतंय डब्यात.”

“ते किती वर्सं टिकतंय?”

“पाऊस सरला की दरवर्षी एक हात मारायचा.”

“दरवर्षी?” सयाजी मोठ्यानं हसले. “म्हंजी तुमची पेन्शन चालू झाली म्हणा की!”

बोलणं गमतीचं होतं, पण लागलं. मेहरुनबीनं पॉलिश पेपरची घडी पिशवीत घातली, रंगूबाईंना ‘येते वैनी’ म्हटलं आणि निघून आली. घरी आल्यावर रहिमानला म्हणाली, “मी काम मिळावं म्हणून बोलले का ओ?” रहिमान म्हणाला, “लाकूड सांगेल त्यांना. तू जेव.”

सयाजींनी शहरातून दुसरा माणूस आणला. त्यानं चार थर मारले. डेक असा झळकला की बघायला भावकी आली. रंगूबाई सकाळ-संध्याकाळ काठी टेकत बाहेर येऊन बसू लागल्या.

श्रावणात चमक फुटायला लागली. बाजारात कुणीतरी मेहरुनबीला सांगितलं, “सुभेदाराच्या डेकचं पापुद्रं निघालं की गं.” खोटं कशाला बोला, तिला गार वाटलं. पण सांगणाऱ्यानं पुढं सांगितलं, की रंगूबाईंची काठी ओल्या फळीवरून सटकली. दारातल्या खुर्चीवर आदळल्या म्हणून वाचल्या. गुडघे शाबूत राहिले, पण भीती जी बसली ती बसलीच. महिना झाला, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. आपल्याला बरं कशाचं वाटलं, याची तिची तिलाच लाज वाटली.

दिवाळीच्या आधी फोन आला. सयाजींचा नव्हे, रंगूबाईंचा.

“भाबी, येता का? त्ये म्हणायचं न्हाईत. मी म्हणतीया.”

मेहरुनबी दुसऱ्या दिवशी गेली. सयाजी मागं हात बांधून उभे. तिनं पातं काढलं आणि खरवडायला बसली. थोड्या वेळानं सयाजी घरातून दुसरं पातं घेऊन आले आणि पलीकडच्या टोकाला बसले. आडवं घासायला लागले तशी ती म्हणाली, “लाकडाच्या रेघंच्या अंगानं, सुभेदार. आडवं घासलं की वरखडं उठत्यात.”

“यस,” सयाजी म्हणाले, आणि हात सरळ केला.

पाच दिवस खरवडणं, मग पॉलिश पेपर. उघडं झालेलं लाकूड पंधरा दिवस उन्हात सुकू दिलं. रोज मेहरुनबी फळीवर पाण्याचे चार थेंब टाकायची. थेंब मोत्यासारखे वरच राहिले, की अजून जुना थर शिल्लक आहे. चटकन आत शोषले गेले, की लाकूड तेल प्यायला तयार. तोवर एका फळीवर तिनं तेलाचे तीन पट्टे ओढले होते. एक बिनरंगी, एक फिक्या मधासारखा, एक गडद.

पंधरा दिवसांनी रंगूबाईंना दारात खुर्ची टाकून बसवलं. बिनरंगी पट्टा उन्हानं राखेच्या रंगाकडं झुकायला लागला होता.

“रंगच उन्हाला आडवतोय वैनी. तुमाला कुठला आवडतोय त्यो सांगा.”

रंगूबाईंनी बराच वेळ बघितलं. “गडद नगं. त्येच्यावर अनवाणी पाय ठिवला तर दुपारी भाजंल. मधला, नव्या गुळागत दिसतोय त्यो.”

तेलाला ती पुढं आणि सयाजी मागं. ती दोन फळ्या ब्रशनं भिजवायची, जरा मुरू द्यायची, आणि सयाजींनी वर राहिलेलं कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचं. राहिलं तर चिकट होतं, हे तिनं चारदा बजावलं. संध्याकाळी त्यांनी तेलकट फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर ती ओरडलीच.

“आवं, आग लागंल! ह्या तेलाची फडकी गोळा करून ठिवली की आपल्याआप पेटत्यात. पाण्यात बुडवा, न्हाईतर उन्हात पसरा.”

सुभेदारांनी एकेक फडकं उलगडून तारेवर वाळत घातलं. मग तिच्याकडं न बघता म्हणाले, “चाची, त्या दिशी मी वंगाळ बोललो.”

“मला ऐकू कमी येतंय आताशा,” मेहरुनबी म्हणाली. दोघंही हसले.

आठ दिवसांनी वास पुरता गेल्यावर तिनं एक गोष्ट केली, जी बारा वर्षांत केली नव्हती. रिक्षा सांगितली आणि रहिमानला बरोबर घेतलं. तो नको नको म्हणत होता. डेकच्या कडेला उभा राहून त्यानं आधी भीत भीत श्वास घेतला. वाऱ्याला उसाचा वास होता, दुसरा कसला नाही.

रंगूबाई उंबऱ्यात आल्या. घसरतंय का बघायला सयाजींनी पहाटेच पाणी मारलं होतं, फळ्या अजून ओलसर होत्या. रंगूबाईंनी चपला काढल्या, एक पाय टेकवला, दाबून बघितला, मग दुसरा. काठी टेकत पार कठड्यापर्यंत गेल्या आणि तिथून मोठ्यानं म्हणाल्या, “भाबी, धरतंय गं पायाला!”

रहिमान तोवर वाकून फळ्यांवरून तळवा फिरवत चालला होता. कठड्याखाली तो थांबला.

“हितं पुसायचं राहिलंय. चिकट लागतंय.”

“त्यो कोपरा माझा हाय,” सयाजी ओशाळून म्हणाले.

मेहरुनबीनं पिशवीतून खरबरीत फडकं काढलं. रहिमाननं ते तिच्या हातातून घेतलं, हळूच गुडघे टेकले आणि रेघेच्या अंगानं घासायला लागला.