दवाखान्याचं कपाट

ईशा आणि निखिल, हे मी तुमच्यासाठी लिहायला घेतलं होतं. आमच्या महिला मंडळाच्या अंकात अशा अनुभवांचं एक पान असतं, त्यांनी ते मागून घेतलं. म्हणजे आता तुमच्याबरोबर चारचौघं वाचतील. असू दे. जे शब्द अडतील ते बाबाला विचारा... आणि त्यानं मधलं काही गाळून वाचून दाखवलं तर मला फोनवर सांगा, कारण त्यात तोही आहे.

माझं पूर्वीपासून एक ठरलेलं आहे. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला जाऊ देते आणि मग मी जाते. अमावास्येला मी पडदे धुतले आहेत. शाळेत सगळं आयुष्य इंग्रजी आणि भूगोल शिकवला. दिवा आपोआप विझला असं कोणी सांगितलं, तर मी आधी खिडकी उघडी होती का ते विचारते. तेव्हा पुढचं वाचताना आजीला काहीतरी भासलं असेल असं म्हणू नका. नेमका तोच प्रश्न होता.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. तुमचे आजोबा जाऊन वर्ष होत आलं होतं आणि मी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आपल्या घरात एकटी राहत होते. पहिला मजला, जिन्यावरून आलं की हॉल, हॉलच्या दोन खिडक्या रस्त्यावर. आजोबा नंदेसरीच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते आणि कामासाठी देशभर फिरायचे. इतर लोक फिरतीवरून साड्या आणतात, ते खेळणी आणायचे. लाकडी घोडे, लाखेच्या रंगातले राजा-राणी, मान डोलावणाऱ्या बाहुल्या, पत्र्याची बस — तिच्या खिडक्यांतून रंगवलेली माणसं बाहेर बघतात. ती सगळी वर्षानुवर्षं खोक्यांत होती. "रिटायर झालो की मांडू," म्हणायचे. रिटायर झाल्यावर म्हणायचे, "उन्हाळा जाऊ दे."

मला वाटलं, आता मीच मांडावीत.

तेव्हा सगळ्या बडोद्यात लोक जुनं सागवानी सामान काढून सनमायकाचे शोकेस करून घेत होते. आपल्या मागच्या गल्लीत एका डॉक्टरांचा जुना दवाखाना होता. डॉक्टर वारले, मुलांनी जागा विकली, तिथं जीन्सचं शोरूम यायचं होतं. त्यांची औषधांची दोन कपाटं एका फर्निचरवाल्याकडे गेली आणि त्याच्याकडून माझ्याकडे आली. उंच, काचेच्या दारांची, पितळी कुलपांची. आतून अजून टिंक्चरचा वास यायचा. दिसायला जुळी, फक्त एकाची पाठ जुन्या सागाची आणि दुसऱ्याची नव्या फळीची. फर्निचरवाला म्हणाला, "पाछळ तूटेलुं हतुं बेन, नवुं पाटियुं मारी दीधुं." म्हणजे मागचं तुटलं होतं, नवी फळी ठोकली. मी म्हटलं, भिंतीलाच लागणार आहे, कोण बघतंय.

मी दोन्ही कपाटं आतल्या भिंतीला, रस्त्याकडे तोंड करून लावली. खेळणी पुसून, तुटलेली चिकटवून, उंचीप्रमाणे ओळीत मांडली. सगळ्यांची तोंडं काचेकडे. कुलूप लावलं, किल्ली जुडग्यात अडकवली. जुडगा माझ्या कमरेला.

आठवडाभर छान गेलं. मग एका दुपारी झोपून उठले, चहा ठेवला आणि हॉलमध्ये आले, तर नव्या फळीच्या कपाटात मधल्या कप्प्यातल्या सगळ्या खेळण्यांची माझ्याकडे पाठ होती.

वेडीवाकडी नव्हती. पडलेलं काही नव्हतं. ओळ तीच, अंतर तेच, फक्त सगळी भिंतीकडे तोंड करून.

मी कुलूप पाहिलं. लागलेलं होतं. किल्ली कमरेला. मी कपाट उघडलं, सगळी फिरवली, बंद केलं. चहा उतू गेला होता.

दुसऱ्या दिवशी कांताबेनला विचारलं. ती आपल्याकडे धुणंभांडी करायची, तिला तुम्ही पाहिलं आहे. ती म्हणाली, "बा, हुं तो काचने पण नथी अडती. तमे कहो छो ने, डाघ पडे." खरंच होतं, डाग पडतात म्हणून मी तिला काचेला हात लावू द्यायचे नाही, मीच पुसायचे. मग जरा थांबून म्हणाली, "तमे ज फेरव्यां हशे. भूली गयां हशो."

तुम्हीच फिरवली असाल. विसरला असाल.

इथं तुम्हाला माझ्या आईबद्दल सांगायला हवं. तुमची पणजी अतिशय टापटिपीची बाई. तिचा चष्मा एके दिवशी तांदळाच्या डब्यात सापडला. मग पोथी मोरीत, मग दागिने पायपुसण्याखाली. दरवेळी ती अगदी निरागस चेहऱ्यानं विचारायची, "हे कोणी केलं गं?" शेवटी शेवटी ती मलाच विचारायची, तू कोण. मी तेव्हापासून एका गोष्टीला घाबरत आले, आणि ती भुतं नव्हेत.

खेळणी फिरत राहिली. रोज नाही. दोन दिवस काही नाही, मग एकदम वरचे दोन कप्पे. मी शाळेतल्यासारखे प्रयोग केले. मोठा हत्ती या कपाटातून त्या कपाटात ठेवला — तिथं तो जागचा हलला नाही. तिथला लाकडी पोपट इकडे आणला — संध्याकाळी त्याची शेपटी माझ्याकडे. दाराच्या फटीत दोरा लावला. खेळणी फिरली, दोरा तसाच. पण दोरा मीच पुन्हा लावला असेन तर? हा विचार एकदा आला की कुठलाच पुरावा उरत नाही. मी मंडळात जाणं कमी केलं. गॅस बंद केला का ते जिन्यावरून परत येऊन बघू लागले. वरण करताना मीठ घातल्यावर मोठ्यानं म्हणायचे, "मीठ घातलं." एकट्या घरात.

तुमचा बाबा दर रविवारी अमेरिकेहून फोन करायचा. एकदा माझ्या तोंडून निघून गेलं. मग अभय म्हणाला, "आई, बीपीची गोळी घेतेस ना?"

"घेते."

"खालून ट्रक जातात ना तुझ्याकडे? फळ्या हलत असतील."

"ट्रकनं हललेलं खेळणं वाकडं होतं, अभय. ही कवायत केल्यासारखी फिरतात."

"बरं, आम्ही येतोय एप्रिलमध्ये. मग बघू."

ते 'बघू' मला कळलं. मीही माझ्या आईबद्दल भावाला असंच म्हणायचे.

ते आले. ईशा, तू तेव्हा रश्मीच्या, म्हणजे तुमच्या आईच्या कडेवर होतीस. निखिल, तू नव्हतास. अभयनं बॅग ठेवली, कपाटांसमोर फिरला, लेव्हल लावून जमीन तपासली, आणि अगदी सहज म्हणाला, "आई, कपाटाची किल्ली माझ्याकडे असू दे का?"

मी जुडग्यातून काढून दिली. त्यानं ती शर्टाच्या खिशात ठेवली.

त्या दिवसापासून एकही खेळणं फिरलं नाही.

रोज सकाळी मी चोरून बघायचे. रोज सगळी माझ्याकडे तोंड करून, हसरी. रश्मी माझ्या हातातली भाजी घेऊन "आई, मी चिरते" म्हणू लागली. एका संध्याकाळी अभयनं खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"आई, तिकडे आमच्याजवळ चांगले डॉक्टर आहेत. तू आमच्याबरोबरच चल. हे घर... नंतर ठरवू काय ते."

मी कपाटाकडे पाहिलं. पत्र्याच्या बसमधली माणसं माझ्याकडे बघत होती. मी हो म्हणाले. वाद घालायला माझ्याकडे काही नव्हतंच.

जायच्या आधी रश्मीच्या हातानं चैत्रगौरीचं हळदीकुंकू करायचं ठरलं. तुम्ही तिकडे ते पाहिलेलं नाही म्हणून सांगते. चैत्रात गौर माहेरी येते, तिला झोपाळ्यावर बसवतात आणि समोर आरास करतात — पायऱ्या, फुलं, फळं आणि घरात असतील नसतील ती सगळी खेळणी. बायकांना बोलावून कैरीची डाळ, पन्हं आणि भिजवलेले हरभरे देतात. पुरुषांना त्या वेळी घरात काम नसतं. अभय निजामपुऱ्यात मित्राकडे जाऊन बसला.

तो गेल्यावर रश्मीच्या लक्षात आलं. "आई, किल्ली त्याच्या खिशात गेली. खेळणी काढायची कशी?"

"नको काढूस. गौर कपाटासमोर मांड. आरास मागे आयती आहे."

तसं केलं. नव्या फळीच्या कपाटापुढे पाट, पाटावर गौरीचा झोपाळा, मोगऱ्याचे गजरे. मागे काचेतून खेळणी हसत बघताहेत. सुंदर दिसत होतं, अगदी सुंदर. आजोबांना दाखवायला हवं होतं असं वाटलं.

पाचला बायका यायला लागल्या. हॉल भरला. मी स्वयंपाकघरात पन्ह्याचे पेले भरत होते, रश्मी डाळीच्या वाट्या फिरवत होती. बाहेर नेहमीचा कलकलाट — कोणाच्या सुनेचा व्हिसा, कोणाची केबल, कैऱ्या यंदा आंबटच नाहीत. आणि मग तो कलकलाट थांबला. हळूहळू नाही. एकदम.

सुमनमावशींचा आवाज आला. त्या आमच्या मंडळातल्या सगळ्यांत वयस्क, ऐंशीच्या पुढच्या. "अगं, ही सगळी आमच्याकडे पाठ करून का बसली?"

मी ट्रे घेऊन दारात आले.

पाचही कप्पे. घोडे, राजा-राणी, बाहुल्या, पोपट. पत्र्याच्या बसचा मागचा दिवा आमच्याकडे. आणि एका बाहुलीची मान अजून डोलत होती.

"आत्ता तर इकडे बघत होती ना?" कोणीतरी म्हणालं. "मी वाटी घ्यायला वळले तेवढ्यात —"

"वहिनी, याला बॅटरी आहे का?"

एक बाई डाळीची वाटी तशीच ठेवून चपला घालून गेल्या, ओटीचे हरभरेसुद्धा न घेता. रश्मी पांढरी पडली होती. तिनं कुलूप ओढून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं — माझ्या हातात ट्रे होता, पेले काठोकाठ भरलेले. माझे हात मोकळे नव्हते, हे ती बघत होती.

आणि मी? मला घाबरायला हवं होतं. मला रडू आलं ते सुटल्याचं. मी नव्हते. जे कोणी होतं, जे काही होतं... ते मी नव्हते.

सुमनमावशी मात्र डाळ संपवत होत्या. चमचा ठेवून म्हणाल्या, "हे मागल्या गल्लीतल्या डॉक्टरांचं ना? मग तू ते उलटं लावलंयस."

"उलटं म्हणजे?"

"हे भिंतीला नव्हतंच कधी. मध्ये उभं होतं, पडदीसारखं. या अंगाला डॉक्टर आणि त्या अंगाला आम्ही, बाकड्यावर, तापलेली पोरं घेऊन. दोन्हीकडून काच होती. मधल्या कप्प्यात डॉक्टरांनी खेळणी मांडलेली, पोरं रडू नयेत म्हणून. तोंडं आमच्याकडे." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "तिकडे."

अभय आठ वाजता आला. रश्मीनं त्याला दारातच सगळं सांगितलं. त्यानं खिशातून किल्ली काढली, हातात धरून कपाटासमोर उभा राहिला. कुलूप उघडलं नाही. मला म्हणाला, "तू जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्वतः कपाट ओढून मागची फळी उचकटली. आत चौकटीला काच बसवायची खाच होती, जुनी, काळी पडलेली. काचवाल्याला बोलावून काच बसवली. कपाट हॉलच्या मध्यावर उभं केलं आणि गॅलरीतलं लाकडी बाकडं उचलून त्या बाजूला, भिंतीजवळ ठेवलं. कोणी सांगितलं नव्हतं. मग एकेक खेळणं घेऊन, बाकड्याकडे तोंड करून, त्यानंच मांडलं.

माझ्या तिकिटाचं तो परत बोलला नाही. विमानतळावर जाताना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "किल्ली तुझ्याकडे ठेव."

तेव्हापासून खेळणी फिरली नाहीत. हॉलमध्ये येणारा प्रत्येक जण मला सांगतो, कपाटाची अडचण होते, भिंतीला लावा. मी हसते. मला आजही याचा अर्थ लागलेला नाही. लाकूड फुगतं, ट्रक जातात, बायकांचं लक्ष नसतं — सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं आहे, आणि यांतलं काहीच त्या पाच कप्प्यांना पुरत नाही. अभय असताना इतके दिवस ती गप्प का राहिली, हेही कळत नाही. बाकड्यावर मी सहसा बसत नाही. भीतीनं नाही. ती जागा कोणासाठी तरी धरून ठेवली आहे असं वाटतं, आणि बसलं की शेजारी कोणी उभं राहून वाट बघत असल्यासारखी चुळबुळ होते.

तुमचा बाबा अजून दर रविवारी फोन करतो. गोळ्यांचं नंतर विचारतो. आधी विचारतो, "आई, कुठं बघतायत?"

मी वायर ताणून हॉलपर्यंत जाते, नीट बघते आणि सांगते, "बाकड्याकडे."

मग तो म्हणतो, "बरं." आणि तुम्हाला फोन देतो.